टेम्पोतल्या चौदा पिशव्या

ये ग बाय, इकडं जवळ बस, असं आता लिहूनच म्हणायचं. लांबून काय विचारतेस? फोनवर दोन ओळी टाकायच्या, ‘आजी, तुमचा टेम्पो कसा चालायचा ते लिहून पाठव,’ आणि आपण मोकळं व्हायचं! पाच महिने झाले, तोंड दाखवलं नाहीस. तुझ्या ऑफिसात म्हणे, एका गाडीतून जास्त माणसं कशी न्यायची, कुठं थांबायचं, किती थांबायचं, याचे नकाशे काढतात. काढा बाबा. आम्ही तेच चिंचोक्यांनी केलं होतं, घरातल्या जमिनीवर. हसू नकोस. लिहिते सगळं, पण माझ्या ऱ्हस्वदीर्घाला नावं ठेवू नकोस. मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं मला बसच्या पाट्यांनी शिकवली. आधी ‘ठाणे’ ओळखता आलं, मग ‘बेलापूर’.

आणि एक आधीच सांगते. त्या टेम्पोचं नाव काढलं की माझ्या पोटात पहिल्यांदा एक दुपार उठते. तुझ्या आत्याआजीची दुपार. ती सोडून टेम्पोचं सांगता येणार नाही मला.

तुझी आई तेव्हा बालवाडीत होती. आमची शेतं आणि मिठागरं सरकारनं घेऊन झाली होती. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या अंगानं कारखाने उभे होते, आणि ज्या बाया आयुष्यभर भात लावत आल्या त्या आता महाप्याच्या बाजूला पॅकिंगला जात होत्या. कुणी औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायची, कुणी खोकी भरायची. मी दोऱ्याच्या रिळांवर होते. कामाचं काही नव्हतं ग, हात चालायचे. जायचं कसं, हा खरा प्रश्न. बस यायची ती ठाण्याहूनच भरून यायची. कंडक्टर दारातून हात हलवायचा, की झाली आमची सकाळ. मग रस्त्याच्या कडेनं चालायचं. टँकर असे अंगावरून जायचे की पदर ओढला जाईल असं वाटायचं. एकदा एका बाईचा ओढला गेलाच. नशीब, पदरच गेला.

माझे एक चुलतदीर होते. जमिनीच्या पैशातून त्यांनी तीन चाकांचा टेम्पो घेतला होता, पुढं डुकरासारखं नाकाड असलेला. विटा, रेती, लग्नातली भांडी, जे मिळेल ते वाहायचे. मी त्यांना म्हटलं, “भावजी, सकाळी आमाला न्या, दुपारी आना. मधी तुमच्या विटा हायेतच.”

ते म्हणाले, “वयनी, विटा भांडत नाहीत.”

पण तयार झाले. सहा कारखाने, चार थांबे आणि माझ्यासकट चौदा बाया. आता हे जुळवायचं कसं? तुझ्या आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, टेम्पो काय तुझ्या बापाचा हाय का. मग मी चिंचोके घेतले. एक चिंचोका म्हणजे एक बाई. चुलीजवळच्या जमिनीवर कोळशानं रस्ता ओढला, थांब्यांना खापऱ्या मांडल्या. कुणाचा भोंगा आधी होतो, कुणाला गेटावर झडतीला वेळ लागतो, कुणाचं तान्हं घरी आहे, ते सगळं बघून चिंचोके पुढंमागं केले. आठ दिवस लागले. रोज कुणीतरी येऊन म्हणायची, “माजा चिंचोका त्या भवानीच्या बाजूला ठेवू नको हां, ती खिडकी आडवते.” टेम्पोला खिडकीच नव्हती. मागं दोन फळ्या, वर ताडपत्री, बस.

नियम मी केले. प्रत्येक थांब्यावर दोन हाका मारायच्या, तिसरी नाही. हा पहिला. जी चुकेल तिनं थांब्यावरून हलायचं नाही, हा दुसरा. बाकीच्यांना पोचवून टेम्पो परत येईल आणि तिला नेईल. हा नियम मला फार आवडायचा, खोटं कशाला बोलू. कारण त्या आधी चुकलेली बाई एकटी रस्त्यानं चालायला लागायची, आणि तिला शोधायचं कुठं हेच कळायचं नाही. आता कळायला लागलं. दोनदा तशी वेळ आली आणि दोन्ही वेळा बाई जागच्या जागी सापडली. मी आठ दिवस मिरवले.

तिसरी गोष्ट नियम नव्हती, ती आपोआप पडली. पिशवीची. तेव्हा सगळ्यांकडं प्लास्टिकच्या वायरच्या विणलेल्या पिशव्या असायच्या, घरीच विणलेल्या, कुणाची लाल-पांढरी, कुणाची निळी. दुपारी सुटताना गेटावर झडतीची रांग असायची. जी आधी सुटायची ती मैत्रिणीची पिशवी घेऊन पुढं यायची आणि फळीवर ठेवून द्यायची, म्हणजे जागा धरली. पिशवी आली की बाई आलीच समजायची. कुणी पाणी प्यायला जायची, कुणी कोपऱ्यावर भाजी बघायची, पण सुटायच्या वेळेला येऊन आपल्या पिशवीपाशी बसायचीच. कधीच चुकलं नाही. त्यामुळं भावजी विचारायचे, “वयनी, पुऱ्या?” तेव्हा मी आत मान घालून पिशव्या मोजायचे. पिशव्या रंगीत, पटकन दिसायच्या. बायांचं काय, एक वाकलेली, एक दुसरीच्या मांडीवर. मग मी पत्र्यावर दोन थापा मारायचे आणि टेम्पो सुटायचा.

तुझी आत्याआजी, म्हणजे माझी नणंद, औषधाच्या कारखान्यात होती. गावातच दिलेली. तिचं दोनदा राहून गेलं होतं, दोन्ही वेळेला तिसऱ्या महिन्यात. तिसऱ्यांदा राहिलं आणि चौथा लागला तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, आता कामाला जायचं नाही. ती ऐकेना. घरात बसलं की नुसतं पोटाकडंच ध्यान जातं, म्हणाली. शेवटी सासूबाई माझ्याकडं वळल्या. “तू नेतेस, तूच आनायचीस. रस्त्यानं एक पाऊल चालली तर माज्याशी गाठ हाय.” मी म्हटलं, “टेम्पोतनं नेते, टेम्पोतनं आनते. एक पाऊल नाय चालायची.” किती सहज म्हटलं ग मी.

भोपाळचं रेडिओवर ऐकून चारेक महिने झाले असतील. तेव्हापासून आमच्या पट्ट्यात जरा वेगळा वास आला तरी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायची. वास रोजचेच होते म्हणा. सडक्या कोबीसारखा एक, टिंक्चरसारखा एक. पण कुठला रोजचा आणि कुठला नाही, हे आम्हाला नाकानं कळायचं.

त्या दिवशी ऊन कडक होतं. पहिली पाळी सुटायची वेळ. मी शेवटच्या थांब्यावर टेम्पोपाशी पोचले होते, आठ-नऊ जणी आल्या होत्या, आणि भोंगा झाला. वेळेचा नव्हे. वेळेचा भोंगा एकदा वाजून थांबतो. हा थांबेचना. आणि मग तो वास आला. वास कसला, नाकात कुणी सुई घातल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी. कारखान्यांच्या फाटकांतून माणसं पळत निघाली, कुणी चपला टाकून. एक म्हातारा वॉचमन ओरडत होता, “खाडीकडं पळा, वाऱ्याच्या तोंडाला पळा!” दुपारचा वारा आमच्याकडं खाडीवरून येतो आणि डोंगराकडं जातो. आमचं गाव खाडीला. म्हणजे आम्ही सुटलो तर वाचलो.

बाया येऊन टेम्पोत कोसळत होत्या. कुणाला खोकला आवरेना, कुणी ओकत होती. सगळ्यांनी पदर तोंडावर घेतलेले, एकीचंही तोंड दिसेना. भावजींनी इंजिन चालूच ठेवलं होतं. ते पुढून ओरडले, “वयनी, पुऱ्या?”

मी आत मान घातली. लाल-पांढरी, निळी, काळी-पिवळी. एकीकडं सात, दुसरीकडं सात.

“चौदा! हाका!”

आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

मी सांगते तुला, त्या थापांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

गावाच्या अलीकडं वडाखाली टेम्पो थांबला. हवा स्वच्छ होती. बाया उतरल्या, जमिनीवर बसल्या, कुणी रडायला लागली, कुणी आपलं पोर बघायला धावत सुटली. मी फळीखाली पाय अडकलेल्या एकीला सोडवत होते. सगळ्या उतरल्यावर फळीवर एक पिशवी राहिली. हिरवी-पिवळी. माझ्याच हातानं तिच्यासाठी विणलेली.

मी हाक मारली, “बाय!” कुणी ओ देईना. मला वाटलं घरी पळाली असेल. पण पोटुशी बाई पळेल कशी? तिच्या कारखान्यातली मैत्रीण झाडाला टेकून ओकत होती. तिला खांद्याला धरून हलवलं.

“ही पिशवी कुनी आनली?”

“मी. ती बोलली, मळमळतंय, मोरीवर जाऊन येते, जागा धर.”

“मग ती कुठं हाय?”

“मागं बसली असंल ना. नाय बसली?” आणि तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले.

सासूबाई अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या असणार, आणि मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आहे, हातात नुसती पिशवी, असं डोळ्यांपुढं आलं. मी भावजींकडं बघितलं. ते टेम्पोवर चढले. मी मागं चढले. रिकाम्या टेम्पोत ती पिशवी फळीवरून इकडून तिकडं घसरत होती, ती मी मांडीवर धरली. आत डबा होता, तो खुळखुळत होता. म्हणजे खाल्लं होतं तिनं. तेवढ्यावर मी जीव धरला. काय डोकं असतं बघ माणसाचं.

मोठ्या रस्त्याला लागतो तर पोलिसांनी अडवलं. गाडी पुढं सोडणार नाही म्हणाले. भावजी हात जोडत होते, हवालदार त्यांना शिव्या देत होता, मागं ट्रक तुंबले होते. मी हळूच मागून उतरले. कडेच्या टपरीपुढच्या पाण्याच्या पिंपात पदर बुडवला, तोंडाला बांधला आणि चालायला लागले. हवालदार ओरडला, “ओ बाई! मरायचंय का?” मी मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर गेले नसते.

सगळी माणसं समोरून येत होती आणि मी एकटी उलटी. प्रत्येक बाईचा चेहरा बघायचा होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिच्यासारखं हिरवं लुगडं दिसलं की धावायचं, जवळ गेलं की दुसरीच. एकीचा मी पदरच ओढला, ती मला मारायला उठली. डोक्यात नुसतं चाललं होतं, कुठं गेली असेल ती? लोकांबरोबर पळाली असेल. डोंगराकडं पळाली असेल तर? वारा तिकडंच जातो हे तिला कळलं असेल का? मोरीत पडली असेल तर दार कोण उघडणार? देवाला काय काय बोलले ते आता लिहीत नाही. पण एक आठवतं. मी म्हटलं, पोर गेलं तरी चालेल, ती राहू दे. असं म्हटलं मी, आणि लगेच स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं.

वास वाढत गेला, मग जरा कमी झाला. तोवर रस्ता रिकामा झाला होता. एवढा मोठा रस्ता मी दिवसाउजेडी कधी रिकामा बघितला नव्हता. एक सायकल आडवी पडलेली, चपला, कुणाचा तरी डबा. आणि पुढं आमचा थांबा.

ती तिथं उभी होती.

विजेच्या खांबाला एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं पदर तोंडावर दाबून, आमच्या नेहमीच्या जागेवर. बसलीसुद्धा नव्हती. डोळे मिरची घातल्यासारखे लाल. मला बघितलं आणि तोंडावरचा पदर काढला.

“वयनी, मी हालली नाय हां,” ती म्हणाली. “मानसं वडत होती चल चल करून. मी बोलली, आमचा टेम्पो येनार हाय. तूच बोललीवतीस ना, हालायचं नाय.”

बाय ग, मी काय सांगू तुला? अख्खा कारखाना पळाला, वॉचमन पळाला, कुत्री पळाली. ही माझ्या नियमासाठी त्या वासात उभी राहिली. तासभर तरी! आणि मला सांगत होती कशी, तर शाळेतल्या पोरीनं बाईंना सांगावं तशी.

माझा ओला पदर तिच्या तोंडाला बांधला, कमरेला हात घातला आणि दोघी चालायला लागलो. एक पाऊल चालायची नाही म्हटलं होतं ना मी? ती त्या दिवशी कोसभर चालली. मधेच थांबायची, पोटावर हात ठेवायची, आणि मी विचारायचे, “दुकतं का?” “नाय.” पुन्हा दहा पावलं. “आता दुकतं का?” “वयनी, तू विचारतेस तेवा दुकतं.” आणि हसली. तेव्हाही हसली ती.

पोलिसांपाशी भावजी उभे होते. टेम्पो कडेला घेतला म्हणून हवालदार विसरला होता त्यांना. ते आम्हाला बघून खाली बसले, रस्त्यातच, आणि पागोटं डोळ्यांना लावलं.

गावातल्या डॉक्टरांनी डोळे धुतले, छाती तपासली. बाळाचं विचारलं तर म्हणाले, आत्ता काही सांगता येणार नाही, वाट बघा. नंतर कळलं की कुठल्याशा टाकीचा पाईप फुटला होता. कुठल्या कारखान्याचा, ते आम्हाला कुणी धड सांगितलं नाही. जो तो वेगळंच नाव सांगून घाबरवायचा.

घरी आलो तेव्हा सासूबाईंनी तिला आत निजवलं आणि बाहेर आल्या. त्या माझ्याकडं आल्या नाहीत. भावजींकडं गेल्या.

“तुला डोले नायत? माजी पोटुशी पोर टाकून पलालास? विटा वायला शिकलास, मानसं मोजायला नाय शिकलास?”

भावजींनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी चुलीत फुंकर घालत होते. चूल पेटलेलीच होती.

“चुकलं, काकी,” ते म्हणाले.

मी बोलायला हवं होतं. मला वाटलं, उद्या बोलीन. उद्या आलं तेव्हा वाटलं, बाळाचं कळू दे, मग बोलीन. आता बोलले आणि त्याच दिवशी तिचं काही झालं तर सासूबाई मला घरात ठेवतील का? तुझी आई चार वर्षांची होती. असं करत करत दिवस गेले.

आणि ते दिवस कसे गेले! सासूबाईंनी तिला आमच्याकडंच, माहेरी ठेवून घेतलं होतं. ती उठली की मी तिच्या अंथरुणाकडं बघायचे, डाग तर नाही. ती खोकली की मी हातातलं टाकून उठायचे. पाचव्या महिन्यात तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला, “बग, हालतंय.” माझ्या हाताला काही लागेना. मी म्हटलं, हो ग, हालतंय, आणि मागच्या दारी जाऊन रडले, कारण मला लागलं नव्हतं. चार दिवसांनी लागलं. मग वेगळी भीती सुरू झाली, हालतंय पण धड असेल का? भोपाळच्या पोरांचं लोक काय काय बोलायचे.

टेम्पो आठ दिवस बंद राहिला आणि परत सुरू झाला, करणार काय? ती मात्र येईनाशी झाली. त्या दिवसापासून मी पिशव्यांकडं बघणं सोडलं. प्रत्येकीच्या डोक्याला हात लावून मोजायचे. बाया वैतागायच्या. “वयनी, आमी काय बकऱ्या हाव का?” एक जण म्हणायची, “गजरा चुरगालला माजा, आता दादल्याला काय सांगू?” हसू दे म्हटलं. दुसरा नियमही बदलला. जी चुकेल तिनं थांबायचं, पण माणसं पळायला लागली तर तिनंही पळायचं. हे वेगळं सांगावं लागेल असं मला चिंचोके मांडताना सुचलं नव्हतं. चिंचोके पळत नाहीत.

गौरींच्या दिवसांत ती बाळंत झाली. मुलगी झाली. काळीसावळी, धडधाकट, आणि ओरडली ती अशी की बाहेर अंगणात सासूबाईंनी हात जोडले. सुईण पाणी तापवायला मागं गेली आणि आम्ही दोघीच राहिलो. ती पोरीकडं बघत होती. माझ्याकडं न बघताच तिनं विचारलं,

“वयनी, त्या दिसा तू मोजलं नव्हतंस का गो?”

मी म्हटलं, “मोजलं होतं.”

“मग?”

सुईण पाणी घेऊन आत आली. ते ‘मग’ तिथंच राहिलं.

खोटं नाही बोलले मी. मोजलं होतं. काय मोजलं होतं ते नाही सांगितलं. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. पण ती गोष्ट ती पोरांना सांगते, तू ऐकली असशील. भावजींनी टेम्पो कसा पळवला आणि वयनी एकटी कशी धावत आली. मला देवी करून ठेवलंय तिनं. सगळी हसतात आणि मी खाली बघून ताटातलं खरकटं गोळा करते. भावजी मागच्या वर्षी गेले. मयताला मी सगळ्यांच्या आधी पोचले, त्यांच्या पायाशी बसले, आणि तिथंही तोंड उघडलं नाही. लोकांनी म्हटलं, किती रडतात बघा, सख्खा भाऊ असल्यासारखं.

आता ती दोन जिने चढली की धापा टाकते. डॉक्टर वयाचं म्हणतात. मी घड्याळात बघते आणि ती वर पोचली का म्हणून कान लावून बसते. आज बोलीन म्हणते, आणि ती दारातून “वयनी” म्हणून हाक मारते की माझं तोंड बंद होतं. त्या दुपारी रस्त्यावर मी इतकी भ्याले नव्हते ग, जितकी आता तिच्या समोर चहाचा कप ठेवताना भिते.

तू ये. लवकर ये, सणवार कशाला हवा? कामाचं निमित्त सांगू नकोस. मी तिला बोलावून घेते, तिच्या आवडीचं वालाचं बिरडं करते. तू फक्त माझ्या शेजारी बस, मी सुरुवात केली की उठून जाऊ नकोस आणि मलाही उठू देऊ नकोस. येत्या रविवारी जमलं तर बघच.